ठ ला ठ

पुढं जे लिहितो आहे त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आतापर्यंत पाच जणांना ही हकीकत ऐकवली. तिघांनी मला तोंडावर थापाड्या म्हटलं. चौथा माझा मेहुणा. तो चपला घालून निघून गेला. पाचव्याला ऐकू कमी येतं, त्याला गोष्ट फार आवडली. म्हणून आता कागदावर उतरवतो आहे. लिहिलेल्याला खोटं म्हणायला माणूस जरा कचरतो. एकेक पान झालं की आमच्या हिला मोठ्यानं वाचून दाखवतो. ही समोर पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालते आहे आणि अधूनमधून 'हं' म्हणते आहे. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात माझ्या बोलण्याला याहून मोठी दाद मिळालेली नाही, तेव्हा ठीक चाललंय म्हणायचं.

तर गोष्ट आमच्या नातीच्या नावाची.

आमचं आडनाव ठ वरून सुरू होतं. कोणतं ते विचारू नका, सांगितल्यावर लोक पुन्हा विचारतात. आडनाव ठ वरून असणं हा काही कुणाचा गुन्हा नव्हे. पण आमच्या घराण्यात पहिलं नावसुद्धा ठ वरूनच ठेवतात. ठ ला ठ. माझं तसंच, माझ्या मुलाचं तसंच, वडिलांचं आणि तिन्ही काकांचं तसंच.

याला कारण आहे. आम्ही पत्र्याच्या पेट्या करणारे. आजोबांनी एकदा जुन्या बाजारातून लोखंडी अक्षरांच्या ठशांचा डबा आणला. हातोडीनं ठोकून पत्र्यावर अक्षर उठवायचे ते ठसे. घरी येऊन डबा उघडला तर आत एकच अक्षर, ठ. बाकीची आधीच कुणीतरी लांबवलेली. दुसरा कुणी असता तर डबा परत करून आला असता. आजोबांनी मुलांची नावं बदलली. हेतू असा, की ज्यानं त्यानं आपल्या हत्यारांवर दोनदा ठोकून खूण करावी, ठ. ठ., म्हणजे एकाची पकड दुसऱ्याच्या हातात जायची नाही. योजना उत्तमच होती. फक्त चारही भावांच्या झाडून सगळ्या हत्यारांवर ठ. ठ. आलं. 'ही कातरी माझी' यावरून आमच्या घरात पुढं पन्नास वर्षं भांडणं झाली. थोरले काका धाकट्या काकांशी अकरा वर्षं बोलत नव्हते, आणि दोघंही ठसा दाखवून आपापल्या परीनं खरे होते. पण रीत मोडायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. कातऱ्या तेवढ्या लपवून ठेवायला लागले.

अडचण इतकीच, की तीन पिढ्यांत आमच्याकडे मुलगी झाली नव्हती. ठ वरून मुलीचं नाव ठेवायची वेळच आली नव्हती.

मुलगा पेट्या करत नाही. तो एका काचेच्या इमारतीत बसून काय करतो, ते त्यानं मला सहा वेळा समजावलं आहे. सातव्यांदा मीच त्याला 'कळलं' म्हणून सोडवला. त्याच्या कंपनीनं त्याला कायमचं दूर पाठवायचं ठरवलं. विमानानं चौदा तास. आणि नेमकी त्याच महिन्यात त्याला मुलगी झाली. इतकी एवढीशी, की नर्सबाईंनी दुपट्यात गुंडाळून माझ्या हातात दिली तेव्हा मी दुपटं उलगडून विचारलं, "यात बाळ कुठाय?" तेव्हापासून सगळे तिला ठिपका म्हणायला लागले.

मुलगा पुढं गेला. सून आणि ठिपका मागून जायच्या होत्या. पण जायचं म्हणजे बाळाचा पासपोर्ट हवा, पासपोर्टला जन्माचा दाखला हवा, आणि दाखल्यावर नाव हवं. नाव नाही तोवर दाखला नाही, दाखला नाही तोवर विमान नाही. दोघी इथंच.

"बाबा, नावाचं आणि दाखल्याचं तेवढं तुम्ही बघाल ना?" मुलगा निघताना म्हणाला. "तुम्ही रिकामेच असता."

रिकामेच असता! छत्तीस वर्षं पत्रा कापलेल्या माणसाला! कारखान्याला कुलूप घालून मला जेमतेम चार महिने झाले होते. लोक चाकांच्या बॅगा ओढत फिरायला लागले त्याला मी काय करणार? पण मी ते मनावर घेतलं नाही. मनावर घेतलं असतं, तर पुढं जे झालं ते मी मुद्दाम केलं असं कुणीतरी म्हणालं असतं. त्या दोघींनी इथंच राहावं असं मला वाटत होतं का? छे! घरात तान्हं मूल म्हणजे झोपेचं खोबरं, पेपर वाचायची सोय नाही, रेडिओ लावायचा नाही. हे मी अगदी मनापासून लिहितो आहे.

(इथं ही 'हं' म्हणाली नाही. उशीच्या अभ्र्याचं टोक जुळवत होती.)

सून गुणी आहे. तिनं आधीच यादी करून ठेवली होती.

"बाबा, सगळी दोन अक्षरी आहेत. तिकडे कुणालाही म्हणता येतील अशी."

यादी सुरेख होती. तीत एकही ठ नव्हता.

"पोरी, आपल्यात ठ ला ठ लागतो गं."

"पण बाबा, ठ वरून मुलीचं नाव असतं तरी का?"

"असेल की. अक्षर आहे म्हणजे नाव असणारच."

"मग शोधा तुम्ही," ती म्हणाली. "मला आवडलं तर माझी ना नाही. पण दोन गोष्टी. शाळेत कुणी चिडवता कामा नये, आणि तिकडच्यांची जीभ अडकता कामा नये."

आता ठ म्हणताना जीभ अडकणार नाही असा देश चौदा तासांवर सोडा, चोवीस तासांवर तरी सापडेल का? तरी मी हो म्हटलं. मी शब्दकोश काढला. तुम्ही कधी ठ चं पान नीट वाचलं आहे? वाचू नका. ठक, ठग, ठणठणाट, ठसका, ठिगळ, ठेच, ठोकर, ठोंब्या. एक अख्खं अक्षर माणसाच्या वाइटावर टपून बसलेलं. दोन दिवस मी ते पान वाचलं आणि तिसऱ्या दिवशी मला अंथरुणातून उठावंसं वाटेना. आपल्या घराण्यात एवढी वर्षं कुणाचं बरं का झालं नाही, याचा उलगडा झाल्यासारखं वाटलं.

मग शेजारी मदतीला धावले. शेजारी मदतीला धावले की मी दाराची कडी लावतो, पण ही उघडते.

वरच्या मजल्यावरचे गणिताचे सर ताव भरून तक्ता घेऊन आले. आडव्या रांगेत ठ ची बाराखडी, उभ्या रांगेत मुलींच्या नावांची शेपटं. त्यांनी गुणाकार करून चारशे बत्तीस नावं काढली होती.

"ठनिका," सर वाचू लागले. "ठनिषा. ठविता. ठार्वी..."

"सर, शेवटचं म्हणजे पोरीला जन्मतःच ठार केल्यासारखं वाटतं," सून म्हणाली.

"अर्थाकडे जाऊ नका. अजून चारशे अठ्ठावीस आहेत."

ते सगळी वाचूनच उठले. ठिपका दोनशेच्या आसपास झोपली, मी तीनशेच्या.

शेजारच्या नर्सबाईंचं म्हणणं सोपं होतं. "ठमी ठेवा. आमच्या वॉर्डात एक ठमाबाई होत्या. गोड बाई."

"बऱ्या झाल्या का त्या?" सुनेनं विचारलं.

"नाही," नर्सबाई म्हणाल्या, "पण गोड होत्या."

तळमजल्यावरचा शिंपी तोंडात टाचण्या धरून बोलतो, त्यामुळे त्याचं बोलणं नेहमी टोचतं. तो म्हणाला, "काका, एवढी ओढाताण कशाला? नाव बसत नसेल तर आडनाव उसवा. चार बोटं आत घ्या, कुणाला कळत नाही."

तीन पिढ्यांचं आडनाव! चार बोटं आत! मी आठ दिवस त्याच्या दुकानावरून गेलो नाही. मागच्या गल्लीतून वळसा घालून जायचो, आणि तिथल्या कुत्र्याला मी का कोण जाणे पसंत नव्हतो. आठव्या दिवशी त्यानं माझ्या पायजम्याचा एक पाय ठेवून घेतला आणि मला शिंप्याकडे जाणं भाग पडलं. "लांबी किती ठेवू?" याखेरीज तो काही बोलला नाही, पण त्याच्या टाचण्या हसत होत्या.

मी स्वतः सुचवलेली नावंही काही वाईट नव्हती. ठिणगी. ठुमरी. सून प्रत्येक नाव पाळण्याशी वाकून ठिपकाला म्हणून दाखवायची. ठिणगीला ती शिंकली. ठुमरीला तिनं असा गळा काढला की वरून सर विचारायला आले, कोणतं सुचलं म्हणून. असे दोन महिने गेले. ठिपका मान धरायला लागली. माझा अंगठा सापडला की सोडायची नाही. मी अर्धा अर्धा तास तसाच पाळण्याशी ओणवा उभा राहायचो, पाठीला रग लागायची. हे सगळं नावाच्या शोधात चाललेलं असल्यामुळे त्याला वेळ घालवणं म्हणता येणार नाही.

आणि मग एका दुपारी ही स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि सहज एक नाव म्हणाली. ठ वरून. दोन अक्षरी. चिडवायला जागा नाही, जीभ अडकायला जागा नाही. सुनेनं पाळण्यात वाकून ते दोनदा हळू म्हटलं, आणि ठिपकानं वळून तिच्याकडे बघितलं. झालं. ते नाव मी इथं लिहीत नाही. ज्याचं त्यानं सांगावं.

मला आनंद झाला. आनंदानं मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता इथून पुढचं कुणाला पटत नाही, तेव्हा सावकाश वाचा. दुसऱ्याच आठवड्यात मी फॉर्म घेऊन नोंदणी कार्यालयात गेलो. लांबच लांब खोली, भिंतींना ओल, छताला एकच पंखा आणि त्याखाली बसायला सगळ्यांची धडपड. खिडकी नंबर चारवर जो कारकून होता, त्याला सगळे शिक्का म्हणत. चेहऱ्यावरून काही उमटायचं नाही, पण हात सारखा वरखाली. पहिल्या खेपेला तो म्हणाला, शाई निळी आहे, काळी हवी. दुसऱ्या खेपेला म्हणाला, काळी फार काळी आहे. तिसऱ्या खेपेला त्यानं फॉर्म घेतला, मागच्या कपाटात गेला, एक पिवळी पडलेली फाइल घेऊन आला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"आजोबा, ही व्यक्ती मयत आहे."

"कोण?"

"ठ. ठ. अठरा वर्षांपूर्वी. कारण, दमा."

"अहो, ते माझे वडील!"

"आमच्याकडे आद्याक्षरांनी लागतं. अक्षरं तीच. आडनाव तेच. पत्ता तोच."

"अहो, ही दोन महिन्यांची आहे! ते एकोणऐंशी वर्षांचे होते!"

"वयाचं काय," शिक्का म्हणाला, "वय बदलत राहतं." आणि त्याचा हात खाली आला. फॉर्मवर जांभळ्या शाईत उमटलं, मयत.

आता तुम्हीच सांगा, असा कागद घेऊन मी घरी सुनेपुढं कोणत्या तोंडानं जाणार होतो? मी म्हटलं, काम चालू आहे. आणि चालूच होतं. जिवंत असल्याचा पुरावा द्यायला मी पोरीला घेऊन गेलो. तिथं ती रडली, पण शिक्का म्हणाला रडणं नियमात बसत नाही, अर्जदाराला निदान अठरा वर्षं ओळखणारे दोन साक्षीदार लागतील. मी सरांना आणि शिंप्याला नेलं. सरांनी फळा मागितला. शिंप्यानं टेप काढून ठिपकाची लांबी मोजली आणि मयत इसमापेक्षा साधारण साडेतीन फुटांनी कमी भरते असं लिहून दिलं. मोठ्या साहेबांनी विचार करून हुकूम काढला, की मयत शेरा रद्द. शिक्क्यानं तो शेरा रद्द केला, पण वडिलांच्या फाइलमध्ये.

म्हणजे आता माझे वडील जिवंत झाले. अकरा दिवस ते सरकारी दप्तरात जिवंत होते. त्यांच्या नावानं एक पत्रही आलं, अमुक दिवशी खिडकी चारवर समक्ष हजर राहावं. ते पत्र मी पोस्टमनकडून सही करून घेतलं. चूक दुरुस्त करायला मी लगेच गेलो नाही, हे कबूल करतो. घरात त्यांच्या नावाचं पत्र अठरा वर्षांत आलं नव्हतं. आणि कुणी तरी कुणाला परत येऊ देत असेल, तर आपण होऊन जाऊन 'नको' म्हणायचं, याला माझे पाय उचलेनात.

यात महिने चालले होते. रोज संध्याकाळी मुलगा फोनवर दिसायचा.

"बाबा, झालं का?"

"होतंय रे. सरकारी काम आहे."

"मी तिकडे येऊन बोलू का साहेबांशी?"

"तू तुझी नोकरी बघ. मी समर्थ आहे."

अखेर दाखला तयार झाला. स्वच्छ, काळ्या शाईत, नाव आणि आडनाव, ठ ला ठ. शिक्क्यानं तो खिडकीतून पुढं केला, मी हात पुढं केला, आणि मधल्यामध्ये पंख्यानं तो उचलला. कागद सरळ खिडकीबाहेर. मी धावलो. शेजारी इमारतीचं काम चाललं होतं. माझ्या डोळ्यांदेखत दाखला तरंगत तरंगत गेला आणि सिमेंट कालवायच्या फिरत्या पिंपात पडला. मी 'थांबा, थांबा' म्हणून ओरडलो, पण त्या आवाजात कोण ऐकतो? दुसऱ्या मजल्याच्या पूर्वेकडच्या भिंतीत आज माझी नात आहे. पटत नसेल तर जाऊन बघा, त्या भिंतीला अजून एकही भेग पडलेली नाही.

पुन्हा अर्ज, पुन्हा रांग. ठिपका सहा महिन्यांची झाली. आधाराशिवाय बसायला लागली. मी दारातून आत आलो की दोन्ही हात वर करायची. फोनवर बापाचा चेहरा आला की खिदळायची, काचेवर ओला हात थापटायची. मग एकदा दुपारी फोन नुसता जमिनीवर पडला होता. बंद. ती रांगत रांगत गेली, त्या काळ्या काचेत वाकून बघितलं आणि हसली. वाट बघत बसली. पुन्हा हसली. बराच वेळ.

सून दारात उभी होती. ती वळली, मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. त्या संध्याकाळी तिनं मुलाला फोनही केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय उघडायच्या वेळेला मी तिथं होतो, आणि योगायोग असा, की त्याच दिवशी शिक्क्यानं दाखल्याची दुसरी प्रत हातात ठेवली. दुपारच्या आत मी ती सुनेला दिली. तिनं माझ्या पायाला हात लावला. माझी मान खाली गेली, कारण माझा चष्मा घसरत होता.

पुढचं सगळं भराभर झालं. पासपोर्ट झाला, तिकीट झालं. मी कारखाना उघडून ठिपकासाठी एक छोटी पेटी केली, हातभर लांबीची, कडा आत वळवलेल्या, कोपरा हाताला लागणार नाही अशा. झाकणावर दोनदा ठसा ठोकला. सून म्हणाली, "बाबा, फार सुंदर आहे," आणि मग वजनाचं सांगितलं. विमानात किती किलो चालतं ते. मी म्हटलं, असू दे, पुढच्या खेपेला. पेटी पलंगाखाली आहे. निघताना ठिपकानं माझा अंगठा धरला होता. तो सोडवायला दोघं लागले.

आता घर शांत आहे. पेपर वाचता येतो. मी तो वाचतोही, सगळा, जाहिरातींसकट, आणि तरी अकराच वाजलेले असतात. रेडिओ लावायला हरकत नाही, म्हणून लावावासा वाटत नाही. तेव्हा शेवटी एवढंच लिहितो, की दाखल्याला जो पाच महिन्यांचा उशीर झाला त्याला सरकारी कारभार, आमची ठ ला ठ लावायची रीत आणि वारा कारणीभूत आहे. माझ्याकडून तसूभरही कसूर झाली नाही.

हे शेवटचं वाक्य मी हिला जरा सावकाश वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर थांबलो.

"खोटं," ही म्हणाली.

"काय खोटं? सिमेंट?"

"सिमेंट खोटं, मयत खोटं, शिक्काबिक्का सगळं खोटं. पहिल्या खेपेलाच दाखला मिळाला होता तुम्हाला. करड्या कोटाच्या आतल्या खिशात होता, चार घड्या घालून. धुवायला काढताना मीच बघितला."

मी पेन खाली ठेवलं. "मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

ही हातातल्या टॉवेलकडे बघत राहिली. घातलेली घडी तिनं मोडली.

"कोट तसा मळलेला नव्हता," ती म्हणाली. "दाखला होता तिथंच ठेवला. खिशाचं बटण सैल झालं होतं, तेवढं पक्कं करून दिलं."